दाखल-खारीज रजिस्टर उजवीकडून वाचा

वर्धा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी चौतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर आर्वी तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या शाळेची सगळी दाखल-खारीज रजिस्टरं, म्हणजे मुलांची नावं शाळेत कधी पडली आणि कधी कमी झाली याच्या नोंदवह्या, वाचून काढली. गावात शिक्षण कसं वाढत गेलं हे शोधायचं असेल, तर याच्याइतका बोलका कागद नाही.

आधी मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि शाळेत बसूनच वाचा. नोंदींत लोकांच्या जाती, जन्मतारखा असतात. फोटो काढू नका, आकडे तेवढे वहीत उतरवा. जुनी पानं कोपऱ्याला धरून उलटली की तुकडे पडतात. मी खालून पुठ्ठा सरकवून उलटत होते.

पहिलीत किती नावं पडली यावर जाऊ नका. खरी गोष्ट उजवीकडच्या रकान्यांत असते: शाळा सोडल्याची तारीख, इयत्ता, कारण. आमच्याकडे पन्नास-साठच्या दशकांत मुलींची नावं डिसेंबर-जानेवारीत कमी झालेली दिसतात. कापूस वेचायचे ऐन दिवस! कारण मात्र एकच, ‘सतत गैरहजर’. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांत मोफत, सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करायचा, असं 1950 साली लागू झालेल्या संविधानात लिहिलं होतं. त्याच दहा वर्षांत, जानेवारी 1956 मध्ये, माझ्या आईचं नाव तिसरीतून कमी झालं.

दर दहा वर्षांचा एक कागद करा. मुलं किती, मुली किती, कोणत्या इयत्तेतून सुटली. वय जन्मतारखेवरून काढू नका. कितीतरी जणांना 1 जून किंवा 1 जुलै ही तारीख मास्तरांनी अंदाजाने दिलेली असते.

गावची शाळा चौथीपर्यंतच असेल, तर ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलेली नावं घेऊन जवळच्या हायस्कुलात जा आणि तिथल्या रजिस्टरात ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना धुंडाळा. किचकट आहे, दोन-तीन आठवडे जातात, पण हे सोडलं तर काम अर्धंच राहतं. साठच्या दशकातली मला मोजकीच मुलं तिथे सापडली. त्यांत मुलगी एकच.

जुन्या नोंदीत अकरावी दिसली तर ती ज्युनिअर कॉलेजची समजू नका. तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. आपल्याकडे दहावीची पहिली बोर्ड परीक्षा मार्च 1975 ची. आणि 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यापासून मोठं मूल वयाप्रमाणे थेट पाचवी-सहावीत दाखल होऊ शकतं. तेव्हा पुढचे आकडे फक्त पहिलीवरून मोजू नका.

शेवटी कारणांचा रकाना गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, ती आहेत तोवर. आईला तिची नोंद वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली, “मी कुठं गेली होती? माय वेचाले जाये, मंग लहान्याले कोन पाहीन?” तिच्या नोंदीसमोर मी हे वाक्य तारखेसह वहीत लिहून ठेवलं.