चेंजअपच टाक, होमरन गेला तरी चालेल

नॉर्थ कॅरोलायनात एमएस करायला आलेल्या मराठी मुलांपैकी एखादा तरी दर वर्षी विचारतोच : क्रिकेटचा डेटा बराच चिवडलाय, इथे बेसबॉलमध्ये काही जमेल का? जमेल. फक्त डोळ्यांपुढून न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसची स्टेडियमं काढून टाका. सुरुवातीचं काम मिळतं ते मायनर लीगमध्ये, म्हणजे विल्सन किंवा फेएटव्हिलसारख्या गावांत. पगार बेताचा, मॅच रात्रीची, आणि मैदानावरची पोरं आपल्या इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरच्या वयाची. मी अशाच एका सीझनल कामातून शिरलो. प्रेसबॉक्समध्ये बसायचं आणि प्रत्येक चेंडूची नोंद करायची : कुठला पिच (म्हणजे टाकलेल्या चेंडूचा प्रकार), किती वेग, बॅट लागली का, चेंडू कुठे गेला.

आधी उतरंड समजून घ्या. सर्वांत वर मेजर लीग, तिचे ३० संघ आहेत आणि २०२१च्या फेररचनेनंतर प्रत्येकाचे चार मायनर संघ, खालून वर : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. एकूण १२०. त्यांच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन समर लीग. अमेरिकन पोरं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे संघ आळीपाळीने त्यांची निवड करतात. तो आता २० फेऱ्यांचा असतो, पूर्वी ४० होत्या. व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिक वगैरे देशांतली पोरं सोळाव्या-सतराव्या वर्षीच करार करून येतात. बहुतेक जण मधल्याच कुठल्या तरी पायरीवर थांबतात.

आता मुद्द्याचं. क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला इथली एक गोष्ट पचायला वेळ लागतो : मायनर लीगमध्ये संघ जिंकला की हरला याचं वरच्या मंडळींना फारसं सोयरसुतक नसतं. खेळाडूचे आकडेही दुय्यम. आज तो कशावर काम करत होता, हे आधी विचारलं जातं. ते ठाऊक नसेल तर स्कोअरबोर्ड तुमची सरळ दिशाभूल करतो.

एक डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) होता, नुकता एकोणिसावा लागलेला. फास्टबॉल ताशी ९४ मैलांचा, स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) चांगला, पण चेंजअप ९० मैलांचा. चेंजअपचं सगळं मर्म वेगातल्या फरकात असतं. हात फास्टबॉलसारखाच यायला हवा आणि चेंडू आठ-दहा मैलांनी हळू. चारच मैलांचा फरक असेल तर बॅटरसाठी तो जरा दमलेला फास्टबॉल, आणि तो मजेत फटकावतो. डावखुऱ्याला उजव्या बॅटरसमोर हे हत्यार लागतंच, कारण चेंजअप त्याच्यापासून बाहेर सरकतो. एरवी उजव्या बॅटरला दोनच पिचवर लक्ष ठेवायचं असतं.

त्याचा सराव दुपारी तीनच्या सुमारास बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, चालायचा. कॅचरच्या पुढ्यात जमिनीवर चेंडूचा वेग मोजणारा रॅप्सोडोचा डबा, ट्रायपॉडवर आयपॅड, शेजारी पिचिंग कोच. अंगठा आणि तर्जनीची गोल कडी करून चेंडू उरलेल्या तीन बोटांत धरायचा. पोराची बोटं आखूड, कडी नीट जमेना. मग कोचने कडी सैल करायला लावली आणि करंगळी जरा खाली सरकवली. चेंडू सुटला की आयपॅडवर आकडा यायचा : ८९, ८८, परत ९०. कोच म्हणायचा, "ओत्रा वेस." स्पॅनिशमध्ये 'पुन्हा'. याच दोन शब्दांवर अर्धा पाऊण तास जायचा. पोरगा आयपॅडकडे बघायचंही सोडून द्यायचा.

मॅचमध्ये त्याला हुकूमच होता : ठरलेले चेंजअप टाकायचेच, समोर कोण आहे, धावसंख्या काय, काही बघायचं नाही. तो टाकायचा आणि होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) खायचा. ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खाती लागलेल्या धावा) पाचाच्या वर गेला. स्टँडमधले लोक त्याला कुचकामी ठरवून मोकळे झाले. आमच्या शीटवर मात्र वेग हळूहळू उतरत होता आणि उजवे बॅटर हवेत बॅट फिरवू लागले होते. ऑगस्टमध्ये चेंजअप ८५ वर स्थिरावला आणि पोराला हाय-एला बढती मिळाली. ईआरए तेव्हाही वाईटच होता.

बॅटरबाबतही तेच. जॅक्सन चुरिओचं उदाहरण घ्या, कारण त्याची नोंद कुणालाही तपासता येते. व्हेनेझुएलातल्या माराकाइबोचा हा पोरगा २०२२मध्ये, अठराव्या वर्षी, झेब्युलॉनच्या कॅरोलायना मडकॅट्सकडून सिंगल-एत खेळला. ६२ मॅचेसमध्ये .३२४ सरासरी (दर हजार संधींमागे ३२४ यशस्वी फटके) आणि १२ होमरन. गाजला. पण त्याच मॅचेसमध्ये तो सुमारे २८ टक्के वेळा स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला होता. असा आकडा वरच्या पायरीवर अंगाशी येतो. पुढच्या वर्षी बिलॉक्सीत, डबल-एत, त्याचा स्ट्राइकआउटचा दर १८ टक्क्यांच्या आसपास उतरला. तेही त्या लीगमध्ये पहिला अर्धा सीझन जास्त पकड देणारा, पिचरला फायद्याचा प्रायोगिक चेंडू वापरात असताना. माझ्या लेखी त्या वर्षीच्या त्याच्या २२ होमरनपेक्षा हा दर मोठा. अवघड पायरीवर जाऊन कमी चुकणारे फार थोडे असतात. डिसेंबर २०२३मध्ये, मेजर लीगची एकही मॅच तो खेळला नसताना, मिलवॉकी ब्रुअर्सनी त्याच्याशी आठ वर्षांचा ८.२ कोटी डॉलरचा करार केला. २०२४च्या जूनच्या सुरुवातीला मेजर लीगमध्ये त्याची सरासरी .२१०च्या आसपास रखडली होती. सीझन संपला तेव्हा २१ होमरन आणि २२ स्टील्स (पिचर चेंडू टाकत असताना पळून पुढचा बेस गाठणं). एका सीझनमध्ये दोन्हींची विशी गाठणारा तो सर्वांत तरुण खेळाडू ठरला.

आकडा बघताना वय आधी बघा. सिंगल-एत अठराव्या वर्षी .२५० मारणारा आणि चोविसाव्या वर्षी .३०० मारणारा यांत संघाला पहिला हवा असतो.

आणि दुसरी बाजूही बघा. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८च्या टीव्ही स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. दिनेश दोन सीझनांत परतला. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला, मग दुखापतींनी गाठलं. पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. हातात ताकद होती, पण इथली पोरं पाचव्या वर्षापासून जे शिकतात ते विशीत शिकायचं होतं. मला तर त्याने मारलेली मजल थोर वाटते.

पैशांचंही बोलू. मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार २०२३मध्ये झाला, तेव्हा सिंगल-एचा किमान पगार वर्षाला २६,२०० डॉलर ठरला, ट्रिपल-एचा ३५,८००. राहायची सोय २०२२पासून संघ करतो. सीझनल कर्मचाऱ्याला मात्र घर स्वतःच शोधावं लागतं, आणि गाडी नसेल तर कठीणच. रात्री अकराला मॅच संपल्यावर या गावांतून कुठली बस मिळणार?

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी कॉलेजच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, गाठा. कॅम्पसबाहेरचं काम सहसा सीपीटी किंवा ओपीटी या परवानग्यांशिवाय करता येत नाही आणि ते तुमच्या अभ्यासक्रमाशी जुळायला लागतं. तोंडी होकारावर कुठे रुजू होऊ नका.

तयारी म्हणाल तर एसक्यूएल आणि आर किंवा पायथन हवंच, पण ते सगळ्यांकडेच असतं. बेसबॉल सॅव्हंट या मेजर लीगच्या वेबसाइटवर ट्रिपल-एचा चेंडूगणिक डेटा फुकट मिळतो. त्यातला एक पिचर उचला आणि त्याने सीझनमध्ये काय बदललं ते एका पानात लिहा. मॉडेल कितीही भारी असो, कोचला एक वाक्य लागतं : "उजव्या बॅटरला दोन स्ट्राइक झाल्यावर हा चेंजअप टाकतच नाही." एवढं सांगता आलं की पुढच्या वेळी तो स्वतःहून तुमच्या टेबलापाशी येतो.

स्पॅनिश शिकाच. अर्धी ड्रेसिंग रूम स्पॅनिश बोलते, आणि अठरा वर्षांचा पोरगा आपल्या भाषेतच खरं काय ते सांगतो : खांदा दुखतोय, झोप लागत नाही, घरची आठवण येते. ते कुठल्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

जाहिराती बहुतेक पावसाळा संपता-संपता, म्हणजे सप्टेंबरनंतर लागतात. फॅनग्राफ्स या बेसबॉलच्या वेबसाइटवर त्यांचं पान असतं. अर्जासोबत ते एक पान जोडा, आणि वर क्रिकेटचा अनुभव लिहायला लाजू नका. हॉक-आय इथल्या मैदानांवरही लागतो, त्यामुळे चेंडूचा मार्ग वाचायची सवय त्यांना लगेच कळते.