केसांच्या कडेची हिरवट झाक कशी घालवली

क्रोमा की (हिरव्या पडद्यापुढे शूट करून तो पडदा सॉफ्टवेअरने काढून टाकणं) केल्यावर केसांच्या कडेला हिरवट झाक राहायची, हिरवा काढायचा स्लायडर वाढवला की झाकेबरोबर केसच गायब. शेवटी सॉफ्टवेअर सोडून लाइटकडे वळलो. माणसाला पडद्यापासून ७-८ फूट पुढे आणलं, पडद्याला वेगळे लाइट दिले, कॅमेऱ्यात ४:२:० ऐवजी ४:२:२ (रंगाचा तपशील जास्त ठेवणारं सेटिंग) लावलं आणि केसन् केस सुटा निघाला. पडदा हिरवाच का म्हणाल, तर एकतर त्वचेचा रंग त्यापासून लांबचा, शिवाय बेयर सेन्सरवर (बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो) निम्मे पिक्सेल हिरव्याचेच, म्हणून त्या रंगाच्या चॅनेलला नॉइज (दाणेदारपणा) कमी. पण हिरवा पडतो उजळ, त्यामुळे त्याची झाक अंगावर उडतेच. पुढच्या शॉटला हातात झाडाची कुंडी होती, हिरव्या पडद्याबरोबर पानंही गायब झाली असती, म्हणून तिथे सरळ निळा कपडा टांगला, लाइट जरा जास्त लागला एवढंच.