बाहेरचा स्टेअरिंग रॅक वॉरंटीत बिघडला, तर दाद कशी मागावी

गाडी आठ-दहा वर्षांची झाली, की स्टेअरिंग रॅकची, म्हणजे व्हीलची फिरकी पुढच्या चाकांपर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेची, सीले (तेल अडवणाऱ्या कड्या) किंवा बुश (दांड्याला आधार देणारी कडी) कधीतरी दगा देतात. वाहन कंपनीच्या अधिकृत केंद्रातला नव्या रॅकचा भाव ऐकून बहुतेक जण गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने 'बाहेरचा' रॅक बसवून घेतात. त्यात गैर काही नाही; सुटे भाग बनवणाऱ्या अनेक कंपन्यांचा माल चांगला टिकतो. अडचण येते ती तो रॅक वॉरंटीच्या मुदतीत बिघडल्यावर. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला; कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र म्हणते, जिथून घेतला तिथूनच क्लेम टाका; आणि फिटर दोघांकडे बोट दाखवून दुसऱ्यांदा मजुरी मागतो.

माझ्या जुन्या हॅचबॅकसाठी मी पुण्याच्या नाना पेठेतून असा एक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, रॅक घेतला होता. चौथ्या महिन्यात गाडी उभी करण्याच्या जागेवर, डाव्या पुढच्या चाकाजवळ, तेलाचे रुपयाएवढे डाग पडू लागले. त्यानंतरचे तीन आठवडे मी फोनवर घालवले. प्रत्येक वेळी नवा आवाज, पुन्हा पहिल्यापासून हकीकत, आणि शेवटी एक दिवस मोबाइलवर संदेश आला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून ती बंद करण्यात आली आहे. गाडीखालचा डाग तेवढा बंद झाला नव्हता. या प्रकरणात माझी मुख्य चूक एवढीच झाली, की जे काम कागदावर व्हायला हवे होते ते मी तोंडी करत बसलो. पुढचे लेखन त्या चुकीवरून केले आहे.

फोन करण्याआधी

स्टेअरिंगच्या बाबतीत कंपनीच्या उत्तराची वाट पाहत गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे, म्हणून आधी बिघाड किती गंभीर आहे हे पाहावे. गाडीचा पुढचा भाग जॅक लावून उचलावा, तिला स्टँडचा आधार द्यावा, चाक घड्याळातल्या ९ आणि ३ या ठिकाणी धरून डावी-उजवीकडे हलवावे. खटखट जाणवली, तर टाय रॉड एंड, रॅक एंड (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्याची दोन टोके) किंवा रॅकचा बुश यांपैकी काहीतरी ढिले आहे. हीच हालचाल १२ आणि ६ धरून जाणवत असेल, तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा खालच्या बॉल जॉइंटमध्ये असतो, आणि अशा वेळी रॅकच्या कंपनीशी भांडण्यात अर्थ नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंग व्हीलचा मोकळा फेर (चाके न वळता व्हील जेवढे फिरते तेवढे अंतर) ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, स्टेअरिंगच्या जोडण्यांमधील बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट किंवा पिना पक्क्या अडकवलेल्या असल्या पाहिजेत. हा नियम तक्रारीत जरूर लिहावा. आपण आवाजाची नव्हे, रस्त्यावरील सुरक्षिततेची गोष्ट करत आहोत हे त्यामुळे समोरच्याला पहिल्याच वाक्यात कळते.

गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असेल, तर आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजून घ्यावा, कारण बॅटरी मरगळली तरी डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागतो. त्यानंतर स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदलेल्या बिघाडाच्या कोडची छापील प्रत घ्यावी आणि ती घेण्याआधी कोड पुसू देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बिघडलेला रॅक फिटरला उघडू देऊ नये. आपले फिटर हातचे कसबी असतात. 'सील किट टाकतो, तासाभराचं काम आहे,' असे म्हणत ते पान्हा हातात घेतातच. पण रॅक एकदा उघडला, की दोष कारखान्यात राहिला होता की गॅरेजमध्ये झाला, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि कंपनीला नकार द्यायला 'छेडछाड' हा एक शब्द पुरतो.

पुरावा कसा जमवावा

रॅक गाडीवर असतानाच फोटो आणि चित्रण करावे. माझ्या गाडीत डावा रबरी बूट (रॅकच्या टोकावरचे आवरण) बाहेरून अखंड होता, पण बोटांनी दाबला की पाण्याची पिशवी दाबल्यासारखा जड लागत होता. मी फिटरला बुटाची आतली क्लिप दुकानाच्या माणसासमोर सोडायला लावली आणि मोबाइल बुटाच्या तोंडाशी धरला. बूट सरकताच लालसर तेलाची धार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत आली. बूट फाटलेला नसताना आत तेल साठणे म्हणजे रॅकचे सील आतून गेल्याचे लक्षण, आणि एवढे दहा सेकंदांचे चित्रण पुढे माझ्या सगळ्या फोनांपेक्षा उपयोगी पडले.

एका फोटोत रॅकवर कोरलेला पार्ट नंबर आणि बॅच नंबर, दुसऱ्यात चेसिस नंबर, तिसऱ्यात किलोमीटरचा आकडा यावा. खरेदीचे पक्के बिल, बसवण्याच्या मजुरीची पावती, तेलाच्या सीलबंद डब्याचे बिल आणि रॅक बसवल्यानंतर केलेल्या व्हील अलाइनमेंटची छापील चिठ्ठी ही चार कागदे एकत्र ठेवावीत. अलाइनमेंटची चिठ्ठी बहुतेक जण दुकानाच्या दारातच टाकून देतात. तिच्यावर तारीख, गाडीचा क्रमांक आणि चाकांचे कोन छापलेले असतात; रॅक बसवला त्या दिवशी चाके सरळ होती याचा त्रयस्थाने दिलेला एवढा स्वस्त पुरावा दुसरा मिळणार नाही. कच्च्या बिलावर माल घेतला असेल, तर दुकानदाराकडून आजच्या तारखेचे का होईना, पण मूळ खरेदीचा उल्लेख असलेले पत्र मागावे. ते मिळेलच असे नाही, पण पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंदही चालते.

माझ्याकडे एक वस्तू मात्र नव्हती. सेवा केंद्राने खोक्यावरचा स्टिकर मागितला, आणि खोका तर फिटरच्या पोराने पहिल्याच दिवशी जमिनीवर अंथरून त्यावर पाठ टेकली होती. असे झाले असेल तर घाबरू नये. रॅकवरचाच नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो हे फोटोसह दाखवावे आणि स्टिकर नसल्यास क्लेम बाद होईल ही अट वॉरंटी कार्डाच्या कोणत्या कलमात आहे असे लेखी विचारावे. मला त्याचे उत्तर कधीच आले नाही, आणि स्टिकरचा विषयही पुन्हा निघाला नाही.

तक्रार लिहिताना

पत्र एका पानाचे असावे आणि त्यात राग नसावा. राग असलेले पत्र वाचणारा माणूस रागाला उत्तर देतो, मागणीला नाही. बिलाचा क्रमांक व तारीख, पार्ट नंबर, बसवल्याची तारीख, तेव्हाचे आणि आताचे किलोमीटर, दोषाचे दोन वाक्यांत वर्णन, आणि नेमकी मागणी एवढे पुरे. मागणी मोघम ठेवू नये. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असे लिहिले, तर 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' असेच उत्तर येते. पत्राचा शेवट साधारण असा करता येईल:

'सदर रॅक गाडीवरून उतरवून, न उघडता, तेलासह सीलबंद करून माझ्याकडे ठेवला आहे. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत आपल्या प्रतिनिधीने त्याची पाहणी करावी. वाहन रोजच्या वापरातले असल्याने व दोष स्टेअरिंगचा असल्याने त्या मुदतीनंतर मी अन्य रॅक बसवून घेईन आणि त्याची किंमत, दोन्ही वेळची मजुरी व अलाइनमेंटचा खर्च आपल्याकडून मागेन.'

या मजकुरामुळे दोन कामे एकदम होतात. कंपनीला पाहणीची संधी दिल्याची नोंद होते आणि आपल्याला महिनाभर रिक्षाने फिरावे लागत नाही. पत्र ईमेलने कंपनीला आणि दुकानदाराला एकाच वेळी पाठवावे, म्हणजे दोघांना एकमेकांचे नाव सांगून सुटता येत नाही. एक छापील प्रत पोचपावतीसह टपालानेही पाठवावी. त्यानंतर फोन आला तर बोलावे, पण फोन ठेवताच 'आपण आत्ता असे सांगितले' असे दोन ओळींचे ईमेल करावे. तक्रार परस्पर बंद केल्याचा संदेश आला, तर त्याच दिवशी 'निराकरण झालेले नाही, तक्रार चालू समजावी' असे लेखी कळवावे. ही नोंद राहून गेली, तर पुढे तोच संदेश कंपनीचा पुरावा होतो.

कोणाला लिहायचे हेच कळत नसेल, तर वेष्टनावर पाहावे. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. ऑनलाइन घेतलेल्या मालासाठी ई-कॉमर्स नियम, २०२० लागू होतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे असे ते सांगतात.

नकाराची नेहमीची कारणे

'जुने तेल साफ केले नव्हते' हे कारण सर्वांत जास्त ऐकू येते, आणि ते नेहमीच खोटे नसते. स्टेअरिंगचे तेल फिरवणारा पंप झिजला असेल तर धातूचा बारीक चुरा तेलातून फिरतो आणि नव्या रॅकच्या सीलांना चिरे पाडतो. चुकीचे तेल घातले तर सीले फुगतात. म्हणून रॅक बसवतानाच नळ्या धुऊन घ्याव्यात आणि त्याचा उल्लेख मजुरीच्या पावतीवर करायला लावावा. तक्रारीच्या वेळी टाकीतले थोडे तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून ठेवावे. दोन दिवसांनी तळाशी चमकी दिसली, तर कंपनीचे म्हणणे बरोबर आहे असे समजून पंपाकडे वळावे. हा प्रामाणिकपणा महाग पडतो, पण तिसरा रॅकही त्याच पंपाला बळी देण्यापेक्षा स्वस्त पडतो.

'गाडी खड्ड्यात आदळली' हे दुसरे कारण. आपल्या रस्त्यांवर ते कोणावरही लावता येते, पण आदळण्याच्या खुणा राहतात: रिमला पोचा, वाकलेला टाय रॉड, बदललेला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल). त्या नाहीत हे फोटो आणि ताज्या अलाइनमेंटच्या चिठ्ठीने दाखवावे. 'अधिकृत फिटरने बसवला नाही' या कारणावर मात्र मी वाद घालत बसलो नाही. कार्डावर तशी अट लिहिलेली नव्हती, तेवढे कळवले आणि पुढे गेलो.

दुकानदार बिलावरचे 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य दाखवील. सदोष मालाला ते लागू होत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

वरच्या पायऱ्या

सात दिवस उलटले आणि उत्तर नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मराठीतही बोलता येते. ही न्यायालयीन यंत्रणा नव्हे, तिचा निर्णय कंपनीवर बंधनकारक नसतो, पण तक्रार कॉल सेंटरच्या टेबलावरून उठून कंपनीतल्या दुसऱ्या माणसाकडे जाते आणि बऱ्याचदा तेवढेच हवे असते.

तरीही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनी दिल्लीची असली तरी दिल्लीला जावे लागत नाही. वस्तूसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. टॅक्सी किंवा टेम्पो स्वतः चालवून पोट भरणाऱ्यालाही 'व्यापारी वापर' म्हणून हाकलता येत नाही. स्वयंरोजगारासाठीचा वापर कायद्याने वेगळा ठेवला आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. रॅक उघडू नका, असे वर बजावले ते याही साठी. कायद्यात निकालासाठी साधारणपणे तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले असले, तरी प्रत्यक्षात जास्त वेळ धरूनच चालावे.

माझे प्रकरण हेल्पलाइनपाशीच संपले. दुसरा रॅक मिळाला, अलाइनमेंटचे पैसे मिळाले. मजुरी मिळाली नाही आणि मीही ती सोडून दिली.

बदली माल हाती येईल तेव्हा 'पूर्ण समाधान झाले' असे छापलेल्या कागदावर लगेच सही करू नये. 'माल मिळाला, बसवून पाहिलेला नाही' एवढेच लिहावे, आणि नव्या रॅकची वॉरंटी आजपासून की मूळ बिलापासून, हे लिहून घ्यावे. बसवताना स्टेअरिंग व्हील सरळ बांधून ठेवावे. ते मोकळे फिरले तर एअरबॅग आणि हॉर्नची गुंडाळी केबल तुटते आणि नवेच भांडण उभे राहते. टाय रॉडच्या नटाचे छिद्र पिनेशी जुळले नाही, तर नट थोडा आणखी आवळावा, कधीही ढिला करू नये, आणि पीन नवी घालावी. यावेळी फोटो मी रॅक खोक्यात असतानाच काढले. रिकामा खोका फिटरच्या हातून घेऊन घरी आणला. तो अजून माळ्यावर आहे.