बालवाडीचे पहिले दिवस आणि फाटकातला निरोप

पुण्यातल्या बहुतेक मराठी बालवाड्या जूनच्या मध्यावर सुरू होतात. त्या आठवड्यात सकाळी कोणत्याही बालवाडीच्या फाटकाशी उभे राहिलात, तर नवा रेनकोट घातलेले एखादे मूल आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारून बसलेले दिसेल, त्याला कडेवर घेण्यासाठी मावशींनी हात पुढे केलेले दिसतील आणि चार पावले मागे आजोबा डोळे पुसताना दिसतील. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे गेली अनेक वर्षे हे सारे फाटकाच्या आतल्या बाजूने पाहते आहे. मूल रडले म्हणून फारसे काही बिघडत नाही. पण त्याला फसवून आत बसवले, तर पुढचे कित्येक आठवडे निस्तरावे लागते, हे मला इतक्या वर्षांत पुरते पटले आहे. म्हणून तयारीच्या ज्या गोष्टी पुढे सांगणार आहे, त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे, तो म्हणजे मुलाशी खरे बोलण्याचा.

आधी हे रडणे समजून घ्यायला हवे. आईपासून किंवा सांभाळणाऱ्या माणसापासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या-नवव्या महिन्यात दिसू लागते, वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास ती सर्वांत तीव्र असते आणि तीन वर्षांपर्यंत बरीच ओसरते. मात्र अनोळखी जागा, अनोळखी माणसे आणि अनोळखी आवाज एकदम समोर आले की ती पुन्हा डोके वर काढते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाच्या या ओढीचा सखोल अभ्यास केला आणि ती हट्टातून किंवा लाडावल्यामुळे येत नसून जगण्याच्या गरजेतूनच येते, असे मांडले. तेव्हा ‘आमचा फारच चिकट आहे हो’ असे मुलाच्या देखत म्हणू नये. ज्याच्यावर त्याचा सर्वांत जास्त विश्वास आहे, त्याला तो धरून ठेवतो आहे, इतकाच त्या चिकटण्याचा अर्थ असतो.

तयारी शाळा सुरू होण्याच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करावी, आणि ती आपल्या बोलण्यापासून करावी. मे महिन्यात मुलाने जेवताना त्रास दिला की घरातले कोणीतरी सहज म्हणून जाते, ‘थांब, आता शाळेत जायला लाग, मग बाई बघतील तुझ्याकडे.’ मोठ्यांना त्यात काहीच वाटत नाही, मुलाच्या मनात मात्र शाळा म्हणजे बागुलबुवा होऊन बसते. याच्या उलट ‘शाळेत खूप मज्जा असते, तिथे कोणी रडतच नाही’ असे रंगवून सांगणेही टाळावे, कारण पहिल्याच दिवशी त्याला दहा मुले रडताना दिसतात आणि आपले बोलणे खोटे ठरते. जे होणार आहे ते क्रमाने सांगावे: ‘आपण रिक्षाने जाणार, तू चप्पल काढून कप्प्यात ठेवणार, ताई गाणी म्हणतील, मग डबा खायचा, मग थोडं खेळायचं, आणि पुन्हा चप्पल घातलीस की मी दारात असेन.’ तीन वर्षांच्या मुलाला ‘बारा वाजता येते’ याचा काहीच बोध होत नाही, पण ‘डबा झाला, खेळ झाला, चप्पल घातली की आई’ हा क्रम त्याला पाठ होतो आणि तोच त्याचे घड्याळ बनतो. आमच्याकडे एक मुलगी पहिला आठवडाभर डबा संपला की कप्प्याजवळ जाऊन आपली चप्पल हाताने चाचपून पाहत असे. चप्पल जागेवर आहे म्हणजे आईही येणार, अशी तिची खात्री होई आणि मग ती खेळायला जाई.

दूर राहण्याची सवयही थोडी थोडी लावता येते. आजीकडे किंवा शेजारच्या मावशींकडे प्रथम अर्धा तास, मग तासभर ठेवावे, जाताना सांगून जावे आणि सांगितलेल्या वेळी परत यावे. पाळणाघरात वाढलेल्या मुलाला ही सवय आधीच असते, तरीही नवी जागा नवीच असते, हे त्याच्या आईवडिलांनी विसरू नये. कमला नेहरू पार्कमध्ये किंवा सोसायटीच्या बागेत रोज थोडा वेळ नेले, की घसरगुंडीवर आपली पाळी येईपर्यंत थांबायचे असते, हे मूल तिथेच शिकते. शाळेची इमारत आधी एकदा दाखवून आणावी आणि शाळा परवानगी देत असेल, तर तिथले स्वच्छतागृह अवश्य दाखवावे.

स्वच्छतागृहाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पहिल्या महिन्यातल्या निम्म्या रडण्याचे खरे कारण मला तिथेच सापडले आहे. घरी कमोडची सवय असलेले मूल भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसायला घाबरते आणि तासन्‌तास शू रोखून धरते. शिवाय इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ‘वॉशरूम’ हा शब्द चालतो आणि मुलाला ‘शू आली’ एवढेच म्हणता येते. आपले कोणाला कळणार नाही, असे वाटून ते गप्प बसते आणि शेवटी चड्डी ओली होते. तुमच्या घरात जो शब्द वापरतात, तो ताईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा आणि शाळेत जो वापरतात, तो मुलाला शिकवा. बेल्टची जीन्स किंवा पाठीवर बटणे असलेला फ्रॉक न घालता त्याला स्वतःला खाली-वर करता येईल अशी इलॅस्टिकची चड्डी घाला, दप्तरात कपड्यांचा एक जोड द्या, आणि चड्डी ओली झाली तर ओरडा बसणार नाही, हेही त्याला स्पष्ट सांगा.

डब्याचेही तसेच आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा मोठ्या माणसालाही कधीकधी उघडत नाही, मग मूल तो तसाच परत आणते आणि घरचे समजतात की शाळेत ते खातच नाही. घरी चार दिवस त्याच डब्यातून, स्वतः उघडून खायला लावा. पहिल्या महिन्यात नवा पदार्थ देऊन पाहू नका. पोळीचा लाडू, इडली, शिरा असे रोजचे, ओळखीच्या चवीचेच द्या.

सुट्टीत आजोळी रात्री अकरापर्यंत जागलेले मूल सकाळी आठला तयार होणे कठीण असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. त्या हिशेबाने झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत न्यावी.

आता फाटकातला निरोप. तो लहान असावा, रोज तसाच असावा आणि मुलाला कळेल असा असावा. एक पापा, एक टाळी, ‘चप्पल घातलीस की मी आलेच’, आणि मग वळून चालू लागावे. ताईंनी खेळणे दाखवून त्याचे लक्ष वेधले असताना डोळा चुकवून निसटणे सर्वांत सोपे वाटते आणि तेच सर्वांत महागात पडते. एका आईने जाताना ‘मी इथेच खाली बाकावर बसलेय हं’ असे सांगितले होते. मूल अर्धा तास शांतपणे मणी ओवत होते. मग ते उठले, खिडकीशी गेले, टाचा उंचावून त्याने खाली पाहिले, आणि बाकही रिकामा, स्कूटरही नाही. त्यानंतर पंधरा दिवस त्या मुलाने वर्गात मणी हातात घेतले नाहीत, कारण आपले लक्ष मण्यांत असताना आई गेली, हे त्याच्या मनात पक्के बसले होते. रडणारे मूल मागे सोडून जाताना आईच्या पोटात कालवते, हे मी रोज पाहते. पण रडणे ऐकून तीनदा परत येणाऱ्या आईच्या मुलाला तीनदा निरोप सोसावा लागतो. बहुतेक मुले आई नजरेआड झाल्यावर काही मिनिटांत शांत होतात. खात्री हवी असेल, तर अर्ध्या तासाने फोन करावा, आणि ताईंनीही खरे उत्तर द्यावे.

आईला सोडताना मूल फार रडत असेल, तर काही दिवस बाबांनी किंवा आजोबांनी सोडून पाहावे. अनेकदा फरक पडतो. मात्र जो सोडायला येईल त्याने स्वतःचे रडू घरी आवरून यावे. खिशात आईचा सुती रुमाल किंवा जुन्या ओढणीचा तुकडा दिला तर चालेल का, असे पालक संकोचत विचारतात. अवश्य द्यावा. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचाराने ताराबाई मोडक यांनी वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. त्या मानाने घरचा एक रुमाल वर्गात येऊ देणे ही फारच लहान गोष्ट आहे.

निरोपाइतकेच महत्त्व परत येण्याला आहे. पहिले दोन आठवडे तरी शाळा सुटण्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचा. कर्वे रस्त्यावर वाहतूक अडली होती, हे कारण खरे असते, पण शेवटी एकट्या उरलेल्या मुलाला ते समजत नाही. रिक्षावाल्या काकांची सोय पहिल्या दिवसापासून न करता मूल रुळल्यावर करावी, आणि ती करताना काकांची ओळख तुम्ही स्वतः करून द्यावी.

घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं?’ असे विचारू नका. ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल. आधी खायला द्या, मांडीवर घ्या. शाळेत शहाण्यासारखे वागलेले मूल घरी येऊन क्षुल्लक कारणावरून आकांडतांडव करते, कधी पुन्हा रात्री अंथरूण ओले करते. दिवसभर धरलेला ताण ते सुरक्षित जागी सोडत असते. काही आठवड्यांत हे निवळते.

पहिले चार दिवस हसत गेलेले मूल दुसऱ्या आठवड्यात रडू लागले, तर दचकू नये. हे रोजच असणार आहे, हे त्याला तेव्हा उमगलेले असते. पुण्यात याच सुमारास पालख्यांचा मुक्काम येतो, रस्ते बंद होतात, अनेक शाळांना सुट्टी मिळते, आणि नुकतीच बसू लागलेली घडी मोडते. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ‘उद्या शाळा नाही, परवा आहे’ असे सांगून ठेवावे. गणपती आणि दिवाळीनंतरही असेच होते, मात्र दर वेळी लवकर आवरते. पावसाळ्यातले सर्दी-खोकलेही वाढतात. ताप असेल तर पाठवू नये आणि औषधाशिवाय २४ तास ताप न आल्यावरच पाठवावे.

मात्र पाच-सहा आठवडे उलटूनही मूल शाळेचा पूर्ण वेळ रडत असेल, तिथे काही खात-पीत नसेल, दोन महिने होऊनही घरी बोलणारे मूल शाळेत कोणाशी एक शब्द बोलत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. येत असलेले बोलणे हरवू लागले असेल, तर एक दिवसही थांबू नये. शाळेत मारतात, कोंडून ठेवतात किंवा धमकावतात असे दिसले, तर तिथून काढावे. आणि मूल अजून तयारच नाही असे वाटले, तर चार-सहा महिने थांबण्यातही कमीपणा नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण लागतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षी थोडे थांबलेल्या मुलाचे वर्ष वाया जात नाही. असे ठरले, तर तेही मुलाला सांगा. ‘आता काही दिवस आपण शाळेत जाणार नाही, तू थोडा मोठा झालास की जाऊ’, असे म्हणून त्याला एकदा शाळेत घेऊन या, कप्प्यातली त्याची वस्तू त्याच्याच हाताने काढून घेऊ द्या आणि ताईंना ‘येतो’ म्हणू द्या.