सर्व्हिस लर्निंगसाठी परदेशी निघालात? या चुका टाळा

‘सहा आठवडे परदेशात समाजसेवा, वर सर्टिफिकेट’ असं पॅकेज कन्सल्टन्सीवाल्याने पुढे केलं, की आधी त्यात अभ्यास कुठे आहे ते विचारा. सर्व्हिस लर्निंग हा अभ्यासक्रम असतो. वर्गात वाचन आणि चर्चा, संस्थेत किंवा वस्तीत ठरवून दिलेलं काम, आणि या दोन्हींची सांगड घालणारं लेखन, ज्याला गुण असतात. यातलं काहीच नसेल तर ती सहल आहे. सहलीला जरूर जा, पण मग पैसेही सहलीचेच द्या.

क्रेडिटचं तोंडी ठरवणं

पुण्यातल्या मुलांची सर्वांत महागात पडणारी चूक ही. ‘जाऊन ये, सीईपीच्या (अभ्यासक्रमातल्या समाजसेवेच्या विषयाच्या) जागी धरू’ असं कॉलेजात कोणीतरी म्हणतं. मुलगी सेमिस्टर करून परत येते, तोवर विभागप्रमुख बदललेले असतात आणि परीक्षा विभाग विचारतो, कुठला कागद, कुठली मंजुरी? म्हणून निघण्याआधी परदेशी कोर्सची रूपरेषा, तासांचं वाटप आणि मूल्यमापनाची पद्धत विभागात द्या, आणि कोणत्या विषयाच्या जागी किती क्रेडिट मिळणार हे सही-शिक्क्यानिशी घ्या. एनजीओचं प्रमाणपत्र इथे कामाला येत नाही, विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्टच, म्हणजे अधिकृत गुणपत्रकच लागतं.

आणखी एक. एनएसएसमुळे वर्षाला 120 तास भरायची सवय आपल्याला असते. तिथे तास भरले म्हणजे झालं असं नसतं. तुम्ही किती राबलात यावर नव्हे, त्यातून काय शिकलात यावर गुण मिळतात.

पगार नाही म्हणजे व्हिसाची अडचण नाही, हा समज

अमेरिकेत टुरिस्ट व्हिसावर क्रेडिटचा कोर्स करता येत नाही. त्यासाठी एफ-1 (विद्यार्थी) किंवा जे-1 (एक्स्चेंज) व्हिसा लागतो. एफ-1 वर असाल तर कॅम्पसबाहेरचं काम सुरू करण्याआधी तिथल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी होकार घ्या. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा फार तर 30 दिवस. स्टुडंट व्हिसावर तर बिनपगारी नोकरीसुद्धा आठवड्याच्या कामाच्या मर्यादेत मोजली जाते. ‘व्हिसा अधिकाऱ्याला फिरायला चाललोय असं सांग’ असा सल्ला देणारा एजंट असेल तर तिथून उठा.

मुलांसोबत काम असेल तर पोलीस क्लिअरन्स बहुधा मागतात. तो अर्ज पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून होतो आणि पोलीस पडताळणीत वेळ जातो, शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. केनिया, युगांडा, घाना यांसारख्या देशांत जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्राशिवाय परतलात तर भारतातल्या विमानतळावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

काम कोणी मागितलंय, हे न विचारणं

जरा उलटं करून बघा. परदेशी विद्यार्थी पुण्यात येतातच. समजा त्यातला एक सहा आठवड्यांसाठी जनता वसाहतीत आला, मराठीचा गंध नाही, आणि म्हणाला, मी इथल्या मुलांना शिकवतो. बालवाडीच्या ताई काय म्हणतील? ‘बस बाबा, आधी चहा घे.’ आणि मग तो जाईपर्यंत त्याला सांभाळणं हेच त्यांचं जास्तीचं काम होईल. उद्या तुम्ही दुसऱ्याच्या वस्तीत तेच असणार आहात. म्हणून संस्थेला थेट विचारा: हे काम तुम्हाला हवं होतं का? मी आलो नाही तर ते कोण करतं? माझ्यावर देखरेख कोणाची? उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरा कोर्स शोधा. वर्ग इंग्रजीत असला तरी वस्तीचा व्यवहार स्थानिक भाषेत चालतो, तेव्हा कामापुरती भाषा इथूनच शिकून जा.

अनाथाश्रमातली अल्प मुदतीची कामं मी सरळ टाळायला सांगतो. अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशावर आश्रम चालू लागले की मुलं घरी परत पाठवण्यात कोणाला रस राहत नाही. दर दोन महिन्यांनी नवा दादा, नवी ताई येऊन निघून जाते, ते मुलांना सोसावं लागतं ते वेगळंच.

नर्सिंग-मेडिकलच्या मुलांसाठी कसोटी सोपी आहे: ससूनमध्ये तुम्हाला जे करू देणार नाहीत, ते परदेशातही करायचं नाही. टाके घालायला मिळतील, असं कोणी सांगत असेल तरीही.

पोहोचल्यावर अडलं तर

पहिले दोन-तीन आठवडे नुसत्या फाइली लावायला दिल्या, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा संस्था तुम्हाला जोखत असते. तरीही काम पुढे सरकेना तर सुरुवातीला झालेला लेखी करार काढा, आधी संस्थेतल्या देखरेख करणाऱ्यांशी बोला, मग प्राध्यापकांशी. घरी फोन करून बाबांना एजंटशी भांडायला लावू नका.

रोजनिशीत गुण जातात ते आपल्या शिबिर-अहवालाच्या वळणामुळे. ‘मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन, मुलांनी उत्साहाने भाग घेतला’ छापाचं तिथे चालत नाही. मला काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, वर्गात वाचलेल्यापैकी काय पटलं आणि काय खोटं ठरलं, हे लिहायचं. ‘धान्य घ्यायला आलेल्या आजी माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण रांगेत मी त्यांचा फोटो काढला’, असं एक वाक्य पानभर उत्साहापेक्षा मोलाचं. (फोटो विचारल्याशिवाय काढायचेच नाहीत, हे ओघाने आलं.)

शेवटच्या आठवड्यात नवं काही सुरू करू नका. अर्धवट कामांची यादी, याद्यांचे पासवर्ड, कोणाला काय कबूल केलंय, हे सगळं लिहून संस्थेच्या हाती द्या. आणि ट्रान्सक्रिप्टचा अर्ज तिथे असतानाच भरा, पुण्यातून ईमेलवर पाठपुरावा करत बसायला लागलं तर निकालाची तारीख हुकते.