पोर्शे ९११ एमओटीला न्यायच्या आधी काय काय बघून ठेवायचं

इकडे यूकेत सेकंडहँड ९११ घेतलेल्या किंवा घ्यायचं मनात असलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, आणि बोलतोय ते २००४ ते २०१२ मधल्या ९९७ मॉडेलबद्दल. एमओटी म्हणजे इकडची गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी; तिची फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड, त्यात काही नाही, पण फेल झाली आणि जिथे गाडी उभी आहे तिथेच घाईत काम करून घ्यावं लागलं की मग बिल कुठल्या कुठे जातं. म्हणून मुदत संपायच्या निदान पाच-सहा आठवडे आधी तयारीला लागा. टेस्ट मुदतीच्या महिनाभर आधी (खरं तर एक दिवस कमी) करून घेतली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, हा फायदा सोडू नका, पार्ट मागवायला वेळ मिळतो.

सगळ्यात आधी सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकून जुन्या टेस्टचा इतिहास काढा, फुकट आहे. नुसतं पास की फेल बघून थांबू नका, ॲडव्हायझरी (फेल न करता 'यावर लक्ष ठेवा' म्हणून टेस्टरने लिहिलेले शेरे) वाचा. दोन-तीन वर्षं सलग "ब्रेक पाइपला गंज" असं लिहिलेलं असेल तर या वर्षी तेच फेल होणार असं धरून चाला.

आता टायर. ९११ च्या मागच्या चाकांना आत झुकलेला कॅम्बर असतो (म्हणजे चाक वरच्या बाजूने थोडं आत कललेलं), त्यामुळे टायर आतल्या कडेने झिजतं आणि बाहेरून मस्त दिसतं. मोबाइल चाकामागे घालून आतल्या बाजूचा फोटो काढा, खरंच काढा, कारण उभं राहून ते कधीच दिसत नाही. मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत १.६ मिलिमीटर नक्षी लागते हा कायदा, पण आतल्या कडेला तार दिसायला लागली असेल तर तो डेंजरस दोष, गाडी तिथून चालवत घरी आणता येत नाही. ९९७ च्याच कॅरेरा एस या प्रकाराला मागे २९५/३० आर १९ लागतं, चांगल्या कंपनीची जोडी साधारण ४०० ते ६०० पौंड. पोर्शेने पास केलेल्या टायरवर एन० किंवा एन१ असा मार्क असतो, एमओटीला तो लागत नाही पण मी तरी तोच घ्या म्हणेन. आणि नवीन टायर घातल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट करायलाच हवं, त्याचे दीड-दोनशे पौंड वाचवलेत तर नवीन जोडीही तशीच आतून जाईल.

दुसरी मोठी गोष्ट ब्रेक पाइप. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालच्या कव्हरच्या आत साचतं आणि इंजिन-गिअरबॉक्सवरून मागे जाणारे लोखंडी पाइप गंजतात. टेस्टर कव्हर काढत नाही, त्याला तशी परवानगीच नसते, म्हणजे गेल्या वर्षी पास झाली याचा अर्थ पाइप चांगले आहेत असा होत नाही. ओळखीच्या स्पेशालिस्टकडे गाडी रॅम्पवर (उचलून धरणाऱ्या लिफ्टवर) घेऊन कव्हर काढून बघायला सांगा. पाइप स्वस्त असतात, पण तिथे हात पोचायला मजुरीचे तास जातात, त्यामुळे मागचं काम सहज काही शे पौंडांपासून हजारापर्यंत जातं. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम निघणार असेल तर त्यातच उरका.

रॅम्पवर आहे तोवर स्प्रिंग बघा. खड्डे आणि स्पीड हम्पमुळे कॉइलचं अगदी खालचं टोक तुटतं, गाडी नेहमीसारखी चालते म्हणून कळतही नाही, पण तिथे थेट फेल. जोडी बदला, एकच बदलू नका, ३०० ते ५०० पौंड धरा. लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश सैल झाले की हळू वेगात खडखड ऐकू येते, तेही फेलचं कारण, एका आर्मला बसवून दोन-तीनशे. डिस्कच्या कडेला आणि आतल्या बाजूला गंज नेहमीचाच, चारही डिस्क आणि पॅड स्पेशालिस्टकडे साधारण १००० ते १५०० पौंड. पिवळ्या कॅलिपरवाले सिरॅमिक ब्रेक असतील तर मात्र हिशोबच वेगळा, नवीन पूर्ण सेट १०,००० पौंडांच्या वर जातो, म्हणून अशी गाडी घ्यायच्या आधीच डिस्क तपासून घ्या. हँडब्रेकचे शू मागच्या डिस्कच्या आत ड्रममध्ये असतात, ॲडजस्ट करून बरेचदा भागतं.

वायपर, वॉशरचं पाणी, नंबरप्लेटचा दिवा, हॉर्न, सीटबेल्ट हे घरीच पाच मिनिटांत. झेनॉन हेडलाइट असतील तर त्यांचे वॉशर आणि लेव्हलिंगही चालायला हवं, ते लोक विसरतात. इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला असेल तर थेट फेल, आणि ९९७ मध्ये त्याचं कारण बरेचदा तडा गेलेले कॉइल पॅक (स्पार्क प्लगला वीज देणारे भाग) असतात, ते तुलनेने स्वस्तात होतं. टेस्टच्या दिवशी गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करूनच न्या, थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे (सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा भाग) धुराची टेस्ट उगाच फेल होते.

आणि जे एमओटीला दिसतच नाही ते. २००८ पर्यंतच्या कॅरेरा इंजिनांमध्ये आयएमएस बेअरिंग (इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) निकामी होणं आणि सिलिंडरला चरे पडणं हे दोन खरे धोके. २००९ च्या मॉडेलपासून कॅरेराला इंजिनच नवीन आलं, त्यात ते बेअरिंग नाहीच. एका बाजूचा सायलेन्सर पाइप जास्त काळा, तेल जास्त पितेय, गरम झाल्यावर टकटक, असं काही वाटलं तर आत कॅमेरा घालून बघायला सांगा, काही शे पौंड जातील पण इंजिन पुन्हा बांधायचं म्हणजे १०,००० च्या पुढे. एकही शेरा नसलेलं एमओटी सर्टिफिकेट दाखवून कोणी विकत असेल तरी हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

इतकं करूनही फेल झाली तर गाडी त्याच सेंटरला दुरुस्तीला ठेवली की दहा कामाच्या दिवसांत अंशतः रीटेस्ट फुकट होते. पण तिथे पोर्शेचं काम जमतं का हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा.