नाजूक इअरफोनला शांत ॲम्प हवा

रात्री उशिरा, घरातलं सगळं निजलेलं असताना मी नवा ॲम्प, म्हणजे फोनचा आवाज वाढवून इअरफोनला देणारी डबी, पहिल्यांदा जोडला. गाणं सुरू व्हायच्या आधीच कानात ‘स्‌स्‌स्‌’ सुरू झालं. आवाज शून्यावर नेला तरी ते तसंच. मग गाणं लागलं, पण गाणारीने सूर लावण्याआधी घेतलेला श्वास त्या सुरसुरीत बुडून गेला. त्या एका श्वासासाठीच तर मी ते इअरफोन घेतले होते. ॲम्पमध्ये बिघाड नव्हता. तो मोठ्या, जड हेडफोनसाठी बनलेला होता आणि मी त्याला भलतीच जोडी लावली होती.

म्हणून जोडी जमवायला बसलात की आधी इअरफोनच्या माहितीपत्रकातले दोन आकडे पाहा: सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेवर इअरफोन किती जोरात वाजतो, आणि इम्पीडन्स, म्हणजे तो विजेला किती अडवतो. माझे आहेत ११० डेसिबल प्रति मिलिवॉट आणि १६ ओहम. म्हणजे एका मिलिवॉटवर ११० डेसिबल. आरामात ऐकायला ८० पुरे, आणि तिथवर जायला मिलिवॉटचा हजारावा भाग लागतो, जेमतेम ४ मिलिव्होल्ट. गाण्यातले उसळणारे ठोके त्याहून २० डेसिबल वर गेले तरी मिलिवॉटचा दहावा भाग झाला. आता ॲम्पच्या खोक्यावरचे ‘३०० मिलिवॉट’ वाचा. ती ताकद तुमच्या काही कामाची नाही. ॲम्प किती जोरात वाजतो याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, तो गप्प किती बसतो ते बघायचं.

हे गप्प बसणं मोजता येतं. काही पत्रकांवर सेन्सिटिव्हिटी प्रति व्होल्ट दिलेली असते, ती प्रति मिलिवॉटच्या आकड्याशी थेट ताडू नका. १६ ओहमला प्रति मिलिवॉटच्या आकड्यात १८ मिळवले की प्रति व्होल्टचा आकडा येतो, म्हणजे माझे १२८. ॲम्पचा स्वतःचा नॉइज, म्हणजे ती सुरसुर, ५ मायक्रोव्होल्ट असेल, तर या इअरफोनमध्ये तो सुमारे २२ डेसिबल होऊन कानावर पडतो. शांत खोलीत हा सहज ऐकू येतो. १ मायक्रोव्होल्ट असेल तर ८ डेसिबल, म्हणजे जवळपास नाहीच. त्यामुळे नॉइज मायक्रोव्होल्टमध्ये न सांगणाऱ्या ॲम्पबद्दल मी आधी कानाने खात्री करते, मगच घेते.

ती खात्री अशी करा. पंखा बंद, खोली शांत, फोन चार्जरवरून काढलेला आणि विमान मोडवर. नुसतं पॉज करून ऐकू नका, कारण सिग्नल थांबला की काही ॲम्प आतून आउटपुट बंद करतात आणि फसवी शांतता मिळते. पूर्ण शांततेची एखादी फाइल वाजवा. मग आवाजाचा नॉब हळूहळू फिरवा. सुरसुर नॉबबरोबर वाढत असेल तर ती मागून, डॅककडून (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल बनवणारा भाग) किंवा फोनकडून येते आहे. नॉब कुठेही असो ती तेवढीच राहत असेल तर ती नॉबच्या पुढच्या भागातली, म्हणजे ॲम्पचीच. ती फोनच्या सेटिंग बदलून जाणार नाही.

दुसरी गोष्ट आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा. हिच्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण चांगल्या इअरफोनचा सूरच हिच्यापायी बिघडतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले ड्रायव्हर) असलेल्या इअरफोनचा इम्पीडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा तो एका पट्ट्यात ५ ओहमपर्यंत उतरतो आणि दुसरीकडे ५० वर चढतो. ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल तर या दोन ठिकाणच्या आवाजात ८ डेसिबलचा फरक पडेल. बास किंवा वरचे सूर कुठेतरी फुगतील, कुठेतरी खचतील, आणि दोष बिचाऱ्या इअरफोनला जाईल. तोच १ ओहम असेल तर फरक दीड डेसिबलच्या आत. ॲम्पचा आकडा इअरफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी हवा हा नियम सगळे सांगतात, पण तो पत्रकावरच्या १६ ओहमला नाही, सगळ्यात खालच्या ५ ओहमला लावा. एकच डायनॅमिक ड्रायव्हर (छोट्या स्पीकरसारखा) किंवा प्लॅनार (सपाट पातळ पडद्याचा) असेल तर इम्पीडन्स बहुधा सपाट असतो, तिथे एवढी चिंता नको.

पत्रकात हा आकडा नसेल तर घरी काढता येतो. ५० हर्ट्‌झचा सूर वाजवा, इअरफोन काढून ठेवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून जॅकच्या टोकाला ३०० मिलिव्होल्ट येतील एवढा आवाज लावा. मग ३३ ओहमचा रेझिस्टर टोक आणि ग्राउंडमध्ये (जॅकचा मुळाकडचा भाग) जोडा. व्होल्ट २३० वर आले तर आउटपुट इम्पीडन्स १० ओहम. २९५ च्या पुढे राहिले तर बिनधास्त वापरा.

जोडणी करताना गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पटीने वाढवतो ते बटण, ‘लो’ वर. नॉबच्या सुरुवातीच्या थोड्या फिरकीत डावा-उजवा आवाज कमी-जास्त होतो, गाणारी एका कानाकडे सरकल्यासारखी वाटते. तिथेच ऐकायची वेळ येत असेल तर फोनचा डिजिटल आवाज १२ डेसिबल खाली घ्या आणि नॉब वर आणा. २४ बिटमध्ये एवढ्याने गाण्याचं काही बिघडत नाही. पण त्याहून फार खाली नेऊ नका, मग मागचा नॉइज वर येतो.

बॅलन्स्ड जॅकच्या, म्हणजे दोन्ही कानांना वेगळ्या तारांची जोडी देणाऱ्या जॅकच्या, मोहात पडू नका. त्यात व्होल्ट दुप्पट मिळतात, जे इथे नकोतच, आणि आउटपुट इम्पीडन्सही बहुधा दुप्पट होतो.

हातातला ॲम्प बदलायचा नसेल तर मधे अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारी जोडणी, घाला. नुसता एक रेझिस्टर ओळीत टाकणारा नको, त्याने वर सांगितलेली सुरांची मोडतोड होते. मी प्रत्येक बाजूला १५ ओहम ओळीत आणि त्यानंतर १ ओहम इअरफोनला समांतर, अर्ध्या वॉटचे, असे जोडून छोटी तार बनवली. ॲम्पला समोर १६ ओहमच दिसतात, इअरफोनला मागे १ ओहमहून थोडे कमी, आणि नॉइज सुमारे २५ डेसिबलने उतरतो. त्याच ॲम्पवर तो श्वास मला पहिल्यांदा ऐकू आला.

एक मात्र कधीच विसरू नका. २ व्होल्ट देणारा ॲम्प पूर्ण आवाजावर अशा इअरफोनमध्ये १३४ डेसिबल काढू शकतो. खिशात नॉब घासून फिरलेला असतो, तेव्हा इअरफोन आधी कानात घालू नका. माझ्या ॲम्पच्या नॉबवर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आहे. ॲम्प काढला की आधी तो ठिपका खाली, म्हणजे आवाज शून्यावर, आणते, मग जॅक लावते, गाणं सुरू करते आणि सगळ्यात शेवटी इअरफोन कानाशी नेते.